पंचनाम्याआधी लिंपलेली भिंत

आक्कांच्या घराची मागची भिंत मी माझ्या हातानं लिंपली. सरकारी माणूस पुराचं नुकसान बघायला यायच्या आधी लिंपली, म्हणून त्यांचं घर पडक्या घरांच्या यादीत आलं नाही. यादीत आलं असतं तर नवं घर मिळालं असतं. हे मी कुणाला कधी नीट सांगितलेलं नाही. बायकोला माहीत आहे, कारण चुन्याची बादली तिच्याच हातात होती.

मी परभणीकडचा. शाळा सहावीत सोडली. मास्तर उभं करून वाचायला लावायचे आणि माझी दातखीळ बसायची, एवढंच कारण होतं. लोकांना मात्र मी घरची गरिबी सांगत आलो, कारण ते ऐकल्यावर माणसं पुढं विचारत नाहीत. बापाचा धंदा कापूस पिंजायचा. तो खांद्यावर धनुकली घेऊन गावोगाव पायी फिरला. मी टेम्पो घेतला, अर्ध्या हौद्यात पिंजायचं मशीन बसवलं आणि उरलेल्या अर्ध्यात संसार मांडला. एक शेगडी, पाण्याचे दोन कॅन, पत्र्याची पेटी, दोरीवर कपडे, झोपायला कापसाचे गठ्ठे. लोकांना त्याची गंमत वाटते. घर बरोबरच फिरतंय, बरं आहे तुमचं, म्हणतात. ज्याचं घर बरोबर फिरतं त्याला रोज नव्या जागी 'इथं थांबू का' म्हणून विचारावं लागतं. पेट्रोल पंपावर, देवळामागं, बंद दुकानापुढं, मी सगळीकडं दोन-दोनदा विचारतो. बायको म्हणते, "अवं, एकदा हो म्हणले ना ते? आता नाही म्हणेपर्यंत विचारता का?"

पावसाळ्यात गादीचं काम बंद असतं. त्या दिवसांत आम्ही कबनूरला यायचो. तिथं यंत्रमागांवरचं सुती वेस्ट मिळतं. धाग्यांचा नुसता गुंता असतो, पण पिंजला की हलक्या गाद्यांत भरायला चालतो. त्या वर्षी टेम्पो वेस्टनं भरला आणि घरी जायला निघालो. सांगलीकडचा रस्ता बुडालेला, म्हणून हायवेकडं वळलो. तिथंही पाणी. पुढं ट्रक, मागं ट्रक, दोन्ही बाजूंना ऊस, आणि उसाचे नुसते शेंडे वर. आठ दिवस आम्ही त्या रांगेत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक बाई डोक्यावर बुट्टी घेऊन रांगेतून चालत आली. पन्नाशीची, उंच, पदर कमरेला खोचलेला. प्रत्येक गाडीच्या दारावर थाप मारत होती.

"पावणं, जेवलासा का?"

"जेवलो," मी म्हणालो. गॅस आदल्या दिवशीच संपला होता. पण कुणी काही द्यायला आलं की माझ्या तोंडातून आधी नाहीच निघतं.

तिनं माझ्या खांद्यावरून आत बायकोकडं बघितलं. "तू गं?"

"नाही," बायको म्हणाली.

"मग ह्यो एकटाच जेवला व्हय? कसला दादला म्हनायचा ह्यो." आणि चार भाकरी, त्यावर मिरचीचा खर्डा माझ्या हातावर ठेवून ती पुढच्या ट्रककडं गेली.

त्या आक्का. सगळा गाव त्यांना आक्काच म्हणायचा. रोज यायच्या. त्यांचं स्वतःचं घर पाण्याखाली आहे हे आम्हाला चौथ्या दिवशी कळलं, तेही एका ड्रायव्हरकडून. नदीकाठचं त्यांचं गाव रिकामं केलं होतं आणि माणसं माळावरच्या शाळेत राहत होती. आक्कांच्या दोन म्हशी शाळेच्या पटांगणात बांधलेल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकच लेक, ती वारणानगरला दिलेली, जावई तिथं साखर कारखान्यात. म्हणजे त्या एकट्याच. शाळेत दान म्हणून पीठ येत होतं, बायका भाकरी बडवत होत्या, आणि त्यातल्या हायवेवर पोचवायचं काम आक्कांनी अंगावर घेतलं होतं.

मी विचारलं, "आक्का, तुमचंच सगळं पाण्यात आहे, अन् तुम्ही आम्हाला आणून देता?"

"मग काय करू? घर पान्यात हाय, चूल माळावर हाय. जिथं चूल हाय तिथं भाकरी व्हनार. गपगुमान खा."

मला त्या भाकरीचं ओझं झालं. कुणाचं काही घेतलं की ते फेडेपर्यंत मला झोप लागत नाही, हा माझा स्वभावच. घाबरट माणसाचा उपकार मानणंसुद्धा घाबरटच असतं, हे मला आता कळतं.

पाणी उतरलं. रांग हलली. घरून आईचा फोन येत होता, या आता, लेकरू रडतंय. आमची मुलगी तेव्हा तिच्याजवळ होती. मी म्हणालो, दोन दिवस थांबतो, आक्कांचं घर साफ करून देतो आणि निघतो. बायकोनं मान हलवली. तिलाही थांबायचं होतं. दोन दिवसांचा सव्वा महिना झाला.

गाव कसं होतं ते काय सांगू. रस्त्यावर चिखल, भिंतींवर चिखल, विजेच्या तारांवर गवत लोंबतंय. वास असा की बोलायला तोंड उघडावंसं वाटत नव्हतं. बाहेरून मदतीच्या गाड्या येत होत्या. बिस्किटांचे पुडे, पाण्याच्या बाटल्या, आणि जुन्या कपड्यांचे ढीग. त्यात चेन तुटलेल्या पँटी, फाटके परकर. एका गाडीवाल्यानं माझ्याही हातात पिशवी दिली आणि फोटो काढला. मी पूरग्रस्त नाही म्हणेपर्यंत गाडी गेलीसुद्धा. आक्का पिशवीत डोकावून म्हणाल्या, "बघू काय दिलंय. साबन हाय. आंघोळ करा, वास मारतोय तुमचा."

त्यांचं घर नदीच्या बाजूच्या गल्लीत होतं. मातीच्या भिंती, वर कौलं, तीन खोल्या, मागं गोठा. आत गुडघाभर चिखल. कपाट आडवं पडलेलं, धान्याची पोती फुगून फुटलेली. आणि पलंगावर गादी.

मी जन्मभर कापूस हाताळला आहे. भिजलेली गादी मला बघवत नाही. पुराचं पाणी प्यालेली गादी चार माणसांना उचलत नाही, आणि तिसऱ्या दिवशी आतला कापूस कुजायला लागतो. वाळवला तरी पिंजताना त्याची पूड होते. मी हात घालून बघितलं आणि म्हणालो, "आक्का, हा कापूस मेला. घरात ठेवू नका, माणूस आजारी पडतो."

"राहू दे की दोन दिस. उनात घालून बघू."

"काही उपयोग नाही. मला कळतं यातलं."

मला कळतं, असं म्हणायची संधी मला आयुष्यात फार मिळाली नाही. त्या दिवशी मिळाली आणि मी थांबलो नाही. गादी, उशा, वाकळा, पोती, फुगलेलं कपाट, सगळं फावड्यानं ओढून गल्लीच्या तोंडाशी नेऊन टाकलं. संध्याकाळी जेसीबी आला आणि ट्रॉलीत भरून घेऊन गेला.

शेजारी एसटीतून रिटायर झालेले एक कंडक्टर काका राहायचे. ते आपल्या दारात प्लास्टिकची खुर्ची टाकून बसलेले असत. त्यांच्या घरात आक्कांच्या घराएवढाच चिखल, पण त्यांनी एक भांडंही हलवलं नव्हतं. मी फावडं मारत असलो की म्हणायचे, "पावणं, एवढी घाई कशाला? राहू दे की जरा."

"काका, तुमचंही काढून देऊ का?"

"नको नको. नंतर बघू."

सगळी गल्ली तसंच म्हणत होती. शाळा झाडून घेऊ, म्हटलं की दहा माणसं यायची. देवळापुढचा चिखल काढू, व्हय, चला की. पण घरात हात लावू का विचारलं की, नंतर बघू. मला वाटलं, परक्या माणसाला घरात घ्यायला संकोचत असतील. काकांबद्दल तर मी बायकोला म्हणालोही, "बघ, ह्या माणसाला बूड हलवायला नको."

त्या दिवसांतलं एक मात्र चांगलं होतं, आणि ते मी कडू करणार नाही. शाळेच्या पटांगणात टेम्पो लावून मी मशीन चालू केलं. कबनूरचं सगळं वेस्ट पिंजलं आणि शाळेत राहणाऱ्या माणसांना गाद्या भरून दिल्या. कापड मदतीच्या ढिगातलं, जुन्या साड्यांचं. बायका शिवायला बसायच्या. माझी बायको आमच्याकडच्या बोलीत 'माझ्या'ला 'माह्या' म्हणाली की सगळ्या हसायच्या. "माह्या सुईत दोरा ववून दे गं," असं एकीनं म्हटलं की दुसरी, "थांब, माह्या हाताला काम हाय." बायको आधी रुसली, मग तीही त्यांना "व्हय की, न्हाय की" करून दाखवायला लागली. इतक्या वर्षांच्या फिरतीत तिला मैत्रिणी अशा मिळाल्याच नव्हत्या. एका गावात आठवडाभर राहून कोण कुणाची मैत्रीण होतं?

राखी पौर्णिमा आली. आक्कांनी वेस्टमधूनच रंगीत धागे निवडून काढले, पीळ दिला आणि माझ्या मनगटाला बांधले. "आता पावणं म्हनायचं बंद. भाऊ म्हनायचं. ह्या दादल्याला एकट्यानं जेवायची सवय हाय, ती मी मोडनार." तेव्हापासून मी भाऊ आणि बायको वैनी. मला बहीण नाही. तो धागा तुटून पडेपर्यंत मी काढला नाही.

भिंतीचं असं झालं. चिखल निघाल्यावर दिसलं की मागच्या भिंतीला पोट आलंय आणि वरपासून खालपर्यंत भेग गेली आहे, तळहात आत जाईल एवढी. आक्का त्याच भिंतीला लागून झोपणार होत्या. मी बाहेरून वासे लावले, भेगेत दगडाच्या चिपा ठोकल्या, माती, भुसा आणि दानात आलेलं अर्धं पोतं सिमेंट कालवून भरलं. वरून लिंपलं. मग वाटलं, एवढं केलंच आहे तर चुनाही देऊ. कौलाखाली वीतभर अंतरावर पुराच्या पाण्याची काळपट रेघ सगळ्या घरभर फिरली होती. ती मला बघवत नव्हती. आम्ही दोघांनी दोन हात दिले आणि ती गेली.

आक्का आत आल्या. भिंतीवर हात फिरवला, मधोमध खाली बसल्या. "माझ्या लग्नात बी एवढं पांढरं नव्हतं हे घर," म्हणाल्या. डोळे पुसले. मी बाहेर जाऊन बिडी पेटवली. एवढं बरं मला माझ्या मुलीच्या जन्मालाच वाटलं होतं.

दोन दिवसांनी तलाठी आले. तरुण माणूस, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, अंगठ्याला चिंधी बांधलेली. अनेक गावं एकट्याच्या गळ्यात पडलेली होती. बरोबर ग्रामसेवक. दारात उभं राहून त्यांनी आत बघितलं आणि कागद उलटून घराचा नंबर पुन्हा तपासला.

"पाणी कुठवर होतं?"

आक्कांनी डोक्याच्या वर हात केला.

"खूण कुठाय?"

मी पुढं झालो. "साहेब, चुना दिलाय मी."

"तुम्ही कोण?"

"भाऊ हाय माझा," आक्का म्हणाल्या.

"सामान?"

"टाकलं."

"फोटो काढलेत?"

कुणाला सुचलंय फोटो काढायचं. तलाठी मागच्या खोलीत गेले आणि बोटानं भिंत वाजवली. ठणठणीत वाजली. मी काम चांगलं केलं होतं.

मला तेव्हा कळायला लागलं. मी म्हणालो, "साहेब, हिला भेग होती. एवढी. मी भरली." मी नखानं लिंपण उकरायला लागलो. ते सुकलं होतं. मी पहार आणायला निघालो तर त्यांनी हात धरला. "असं करू नका. फोटोत मुद्दाम पाडल्यासारखं दिसेल. त्यांच्याच अंगावर येईल."

"पण खरं आहे हे."

"खरं असेल. मला जागेवर दिसतं तेच लिहायचं असतं. वर फोटो मागतात." त्यांनी लिहिलं, पाणी शिरले, पडझड नाही. आक्कांनी सही केली. माझ्यासारखीच सही, अक्षर अक्षर सुटं.

मग ते शेजारी गेले. काकांनी खुर्ची बाजूला केली आणि दार ढकललं. आत चिखल जसाच्या तसा. टीव्ही तोंडावर पडलेला, गाद्या पलंगावर, त्यात अळ्या, भिंतीला भेगा, वर काळी रेघ. तलाठ्यांनी नाकाला रुमाल लावून फोटो काढले. आख्ख्या गल्लीत तेच. लोकांनी घरं पुराव्यासारखी जपून ठेवली होती.

तलाठी गेल्यावर मी काकांपुढं उभा राहिलो. "तुम्हाला माहीत होतं."

"मी म्हनत हुतो की राहू दे म्हनून. रोज म्हनत हुतो."

"का राहू दे, ते सांगितलं असतं तर?"

"आता हरएकाला पाटी लिवून दावायची व्हय? शाळंत स्पीकरवर तीनदा सांगितलं. पंचनामा हुईस्तोवर कायबी हलवू नका म्हनून. शेंबड्या पोराला ठावं हाय."

"आक्का कधी होत्या शाळेत? त्या हायवेवर होत्या. आमच्या भाकरी घेऊन."

काकांनी खुर्ची उचलली. "व्हय. ते बी हाय," म्हणाले आणि घरात चिखल काढायला गेले.

मी कितीदा विचार केला आहे, त्या माणसानं एक वाक्य पुरं का केलं नाही. वाईट नव्हता. आमच्या गादीवरच झोपत होता शाळेत. कदाचित त्याला वाटलं असेल की एक घर साफ झालं की बाकीच्यांचा चिखल जास्त दिसेल. कदाचित काहीच वाटलं नसेल. मला दुसरंच जास्त खुपतं. त्यानं रोज सांगितलं, आणि मी त्याला आळशी समजत राहिलो.

पुढचं लवकर झालं. ऊन पडलं. पुरात भिजलेली मातीची भिंत ओली असेपर्यंत तग धरते, वाळायला लागली की सुटते, हे गावातल्या गवंड्यानं मला मागाहून सांगितलं. पंचनाम्यानंतर बाराव्या दिवशी सकाळी भिंत गोठ्यावर पडली. आक्का डेअरीला दूध घालायला गेल्या होत्या आणि म्हशी बाहेर होत्या, म्हणून कुणाला लागलं नाही. माझं लिंपण मात्र फुटलं नव्हतं. एवढा मोठा तुकडा अखंड पडला होता, चुन्यासकट.

आक्कांना घेऊन आम्ही तालुक्याला कचेरीत गेलो. अर्ज लिहायचा होता. मी लिहिला. तीन कागद वाया गेले. बायको शब्द सांगत होती आणि घामानं कागद माझ्या मनगटाला चिकटत होता. कारकून म्हणाला, भिंत पुरानं पडली याला साक्षीदार लागतील, पंचनाम्याच्या आधी भेग बघितलेले, गावातले दोन.

"मी बघितली," मी म्हणालो.

"आधार?"

दिलं.

"परभणी? इथं कुठं राहता?"

"टेम्पोत."

मागं रांगेतलं कुणीतरी हसलं. कारकून हसला नाही. "उद्या चौकशी आली तर तुम्हाला कुठल्या रस्त्यावर शोधायचं?" म्हणाला आणि आधार परत दिलं.

काकांनी भेग बघितली होती. त्यांच्या अंगणातून ती भिंत दिसायची. मी हात जोडले. ते म्हणाले, "पावणं, माझं मंजूर झालंय. आता मी सही केली आन सायबास्नी वाटलं, ही गल्लीच परत तपासू, मग? माझं धरून अकरा घरं जात्यात. त्यास्नी काय तोंड दावू?" हे खोटं नव्हतं. बाकीच्या दहा घरांतही मी गेलो. कुणी चहा दिला, कुणी दार अर्धंच उघडलं. ज्या बायका माझ्या बायकोबरोबर शिवायला बसायच्या त्या तिच्याशी बोलायच्या, पण उभ्या उभ्या.

आक्कांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. एसटीतून परत येताना मी रडायला लागलो तर म्हणाल्या, "गप बसा आता. मानसं बघत्यात. तुमी काय वाईट करायला आलतासा व्हय?" रोज सकाळी टेम्पोवर थाप मारून दुधाचा तांब्या ठेवायच्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी निदान उत्तर दिलं असतं.

मग एक दिवस तांब्या आला नाही. त्यांनी एक म्हैस विकली होती आणि भिंतीच्या जागी पत्रे मारायचे ठरवले होते. मी म्हणालो, मी मारून देतो. त्या म्हणाल्या, "नगो. मानूस सांगितलाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. मोकळा टेम्पो रस्त्यावर फार वाजतो.

फोन चालू राहिले, दिवाळीला, राखीला. दोन पावसाळ्यांनी पुन्हा पाणी आलं. आम्ही घरी होतो. मोबाईलवर तोच हायवे, तेच उसाचे शेंडे. मी फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. दिवसातून चार-पाचदा लावत राहिलो. बायकोनं पेटी भरली, टेम्पोत डिझेल टाकलं. शेवटी त्यांच्या लेकीचा नंबर शोधून काढला. ती म्हणाली, आई बरी हाय, शाळेत हाय, तुम्ही येऊ नका म्हटलंय. मी गेलो नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं, आणि त्याची लाज अजून आहे.

गेल्या वर्षी आजऱ्याकडं गाद्यांचं काम मिळालं. वाट कोल्हापूरवरूनच. बायको म्हणाली, "आता वळलाच नाही तर मी खाली उतरून चालत जाईन."

आक्कांच्या जुन्या घराच्या जागी नवं घर होतं. सिमेंटच्या विटांच्या दोन खोल्या, वर स्लॅब. मला एवढा आनंद झाला की मी दारातच "आक्का" म्हणून ओरडलो. त्या काठी टेकत बाहेर आल्या. उजव्या पायात चप्पल, डाव्या पायाला कापडी पट्टी, आणि त्या पायाला पुढची दोन बोटं नव्हती.

चहा झाला. बायकोनं विचारलं तेव्हा सांगितलं, जसं दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. पाणी उतरल्याबरोबर त्या सगळ्यांच्या आधी घरात गेल्या. कशाला हात लावला नाही. तालमीतली पोरं फावडी घेऊन आली, चांगली पोरं, न विचारता कामाला लागणारी. त्यांना दारातून शिव्या घालून हाकललं. लेक न्यायला आली, तिलाही परत पाठवलं. उंबऱ्याच्या आत चिखलात बाज टाकून राहिल्या, कुणी मागून येऊन साफ करू नये म्हणून. तलाठी यायला दहा दिवस लागले. पायाला पत्र्यानं कापलं होतं, साखरेचा आजार आधीपासून. चिखलातून उठल्या तेव्हा पाय काळा पडला होता.

"नाव आलं पर पैल्या यादीत," त्या म्हणाल्या. "पूर्ण पडझड."

मग जे इतके दिवस आत होतं तेच तोंडातून गेलं. "आक्का, मी किती फोन केले. एकदा उचलायचा होता. आम्ही गाडी भरून तयार होतो."

"ठावं हाय मला."

"मग?"

"म्हनूनच न्हाय उचलला," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "तुमी आला असता, भाऊ, आन माझं आयकलं नसतं. दोन दिसांत झाडून मोकळं केलं असतं."

फरशी गुळगुळीत होती, पुसलेली. बायकोनं कपबशा गोळा केल्या आणि मोरीकडं निघाली. आक्कांनी काठी तिच्या वाटेत आडवी धरली.

"ठेव ते तिथंच, वैनी," त्या म्हणाल्या. "मी बघते."